केईएमच्या नोंदवह्या : रास्ता पेठेपासून रायपूरपर्यंत

आमच्या रायपुरात साखर आणि रक्तदाब तपासण्याच्या शिबिरांना तोटा नाही. जयंती असो, वर्धापनदिन असो, मंडप पडतो, टेबलं लागतात, बोटाला सुई टोचली जाते आणि चिठ्ठीवर एक आकडा लिहून मिळतो. पुढच्या वर्षी मंडप पुन्हा पडतो, पण गेल्या वर्षीच्या आकड्याचं काय झालं हे विचारायला कोणी थांबत नाही. तोच माणूस पाच वर्षांनी, दहा वर्षांनी, वीस वर्षांनी पुन्हा गाठायचा, त्याचं वजन, साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल तशाच पद्धतीने मोजायचं आणि जुन्या पानाशेजारी नवं पान लावायचं, हे निराळं काम आहे. ते कंटाळवाणं आहे, खर्चाचं आहे आणि त्यात फोटो येत नाही. भारतात हे काम नेटाने केलेल्या मोजक्या जागांपैकी एक पुण्यात रास्ता पेठेत आहे. छत्तीसगढातल्या मराठी माणसाने तिची वाटचाल माहीत करून घ्यावी असं मला वाटतं, कारण तिथे सापडलेल्या गोष्टी इथल्या माणसांना पुणेकरांइतक्याच, कदाचित जास्तच, लागू पडतात.

ती जागा म्हणजे केईएम रुग्णालय, १९१२ चं. डॉ. बानू कोयाजी १९४४ मध्ये तिथे आल्या तेव्हा ते छोटंसं प्रसूतिगृह होतं. पुढची पन्नासहून अधिक वर्षं त्या तिथेच राहिल्या आणि त्याचं मोठं रुग्णालय झालं. १९७२ मध्ये रुग्णालयाचं संशोधन केंद्र सुरू झालं. त्याच दशकात कोयाजीबाईंनी शिरूर तालुक्यातल्या वढू बुद्रुकला, म्हणजे संभाजी महाराजांची समाधी आहे त्या गावी, ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं. १९९३ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना मिळाला हे सर्वांना ठाऊक आहे. मला त्यांचं महत्त्व दुसऱ्या कारणासाठी वाटतं. शहरातल्या रुग्णालयाची माणसं खेड्यातल्या उंबऱ्यापर्यंत जातात आणि गावकरी त्यांना ओळखतात, ही सवय त्यांनी केईएमला लावली. पुढे जे संशोधन झालं ते या सवयीशिवाय झालंच नसतं.

मधुमेहाचा विभाग डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी वाढवला. ऑक्सफर्डला शिकून ते पुण्याला परतले. इथे ओपीडीत दिसणारा रुग्ण इंग्रजी पुस्तकातल्या रुग्णासारखा नव्हता. पुस्तकातला मधुमेही उतारवयाकडे झुकलेला आणि लठ्ठ. इथला त्याच्यापेक्षा वयाने बराच लहान, अंगाने किरकोळ, फक्त पोट सुटलेलं. मग साखर येते कुठून?

याचं एक उत्तर इंग्लंडहून आलं, तेही एका जुन्या नोंदवहीतून. हर्टफोर्डशर परगण्यात एथेल मार्गारेट बर्नसाइड नावाच्या आरोग्यसेविकेने १९११ पासून एक शिस्त घालून दिली होती. सुईणींनी आणि परिचारिकांनी घरोघरी जाऊन प्रत्येक बाळाचं जन्मवजन आणि वर्षाचं झाल्यावरचं वजन लिहून ठेवायचं. सत्तरेक वर्षांनी साउदॅम्प्टनच्या डेव्हिड बार्कर यांनी त्या वह्या शोधून काढल्या. त्यातली बाळं आता म्हातारी झाली होती. जन्माला नि वर्षाला ज्यांचं वजन कमी, त्यांच्यात हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण जास्त, असं १९८९ मध्ये त्यांनी दाखवलं. दोन वर्षांनी मधुमेहाबद्दलही तोच धागा सापडला. वजन लिहिणाऱ्या त्या सुईणींना आपण हृदयरोगाच्या संशोधनाला हातभार लावतो आहोत याची कल्पनाही नव्हती.

बार्कर आणि त्यांच्या सहकारी कॅरोलाइन फॉल यांचं पुण्याशी नातं जुळलं ते १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला. केईएममध्ये जन्मलेल्या मुलांची जन्मवजनं रुग्णालयाच्या दप्तरात होतीच. १९८७ ते १९८९ च्या सुमाराची ती मुलं चार वर्षांची झाली तेव्हा त्यांना ग्लुकोज पाजून रक्त तपासलं गेलं. कमी वजनाने जन्मलेल्यांची अर्ध्या तासानंतरची साखर आणि इन्सुलिन दोन्ही वाढलेली होती. इंग्लंडात जे साठीत दिसलं ते इथे बालवाडीच्या वयात दिसू लागलं. आठव्या वर्षी ४७७ मुलं तपासली, तेव्हा चित्र आणखी उघडं झालं. जन्मतः लहान पण नंतर झपाट्याने अंग भरलेली मुलं सर्वांत धोक्यात होती.

ही मुलं मात्र शहरातली, आणि रुग्णालयात जन्मलेली. आईच्या पोटात असताना काय घडलं ते यातून कळणार नव्हतं. त्यासाठी गावात जायला हवं होतं, आणि तेही बाई गरोदर राहण्याच्या आधी.

जून १९९३ मध्ये पुण्यापासून चाळीस-पन्नास किलोमीटरवरच्या सहा गावांत ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ सुरू झाली. विज्ञानाइतकीच ही घरगुती ओळखीची गोष्ट आहे. विवाहित बायकांच्या घरी कार्यकर्त्या दर महिन्याला जात आणि पाळीची तारीख विचारून लिहून घेत. परक्या बाईला ही तारीख कोण सांगतं? पाण्याच्या हंड्याशी, चुलीपुढे बसून चार गोष्टी झाल्यावरच ती सांगितली जाते. तारीख चुकली की सोनोग्राफी. मग गरोदरपणाच्या १८व्या आणि २८व्या आठवड्याला आईने काय खाल्लं, किती खाल्लं, शेतात किती राबली याची पाहणी. आहाराच्या बाजूचं काम आघारकर संस्थेच्या डॉ. शोभा राव यांनी केलं. बाळ जन्मल्यावर तीन दिवसांच्या आत प्रशिक्षित कार्यकर्ती हजर. वजन, लांबी, डोक्याचा घेर, पोटाचा घेर, दंडाचा घेर. शेवटी एक छोटा चिमटा बाळाच्या पाठीवर, खांद्याच्या हाडाखाली लावायचा. चिमटीत धरलेल्या त्या कातडीची जाडी मिलिमीटरमध्ये येते, आणि तिच्यावरून कातडीखालच्या चरबीचा अंदाज लागतो.

आया सडपातळ होत्या. सरासरी वजन ४२ किलो, उंची १५२ सेंटीमीटर. बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडातली त्यांच्या जोडीला तुलनेसाठी घेतलेली बाळं ३.५ किलोची. पुण्याचं बाळ प्रत्येक मापात लहान. पोट लहान, म्हणजे आतले अवयव लहान. दंड बारीक, म्हणजे स्नायू कमी. पण पाठीवरच्या चिमट्याचा आकडा त्या मानाने फारसा घसरलेला नव्हता. हाडकुळं दिसणारं हे बाळ चरबी राखून जन्माला आलं होतं. २००३ मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि ‘थिन-फॅट बेबी’ हा शब्द जगभरच्या वैद्यकात रूढ झाला.

पुढच्या वर्षी लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने छापलेला एक फोटो तर आता पाठ्यपुस्तकातच गेल्यासारखा आहे. याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज मित्र जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३, अगदी सारखा. युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. संशोधकाने स्वतःच्याच पोटाचा पुरावा द्यावा हे मला फार आवडतं. वजनकाट्यावर भिस्त ठेवून ‘मी काही जाडा नाही’ म्हणणाऱ्या प्रत्येक मराठी गृहस्थाने हा फोटो कपाटाला चिकटवून ठेवावा.

आहाराचा निष्कर्षही सरळ नव्हता. आईने एकूण किती उष्मांक घेतले, किती प्रथिनं खाल्ली याचा बाळाच्या आकाराशी फारसा मेळ लागला नाही. मेळ लागला तो हिरव्या पालेभाज्यांशी, फळांशी आणि दुधाशी. मग लक्ष जीवनसत्त्वांकडे वळलं. आयांपैकी दोन तृतीयांश जणींत बी-बारा कमी होतं, फोलेटची कमतरता मात्र फक्त एकीत निघाली. ज्यांचं बी-बारा कमी आणि फोलेट जास्त, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती जास्त दिसली. याच संस्थेने मध्यमवयीन पुरुषांची वेगळी पाहणी केली होती, खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले. बी-बाराची कमतरता सर्वांत जास्त कोणात? शहरी मध्यमवर्गात, ८१ टक्के. खिशात पैसे आहेत म्हणून रक्तात जीवनसत्त्व आहे असं नसतं.

इथे एक सांगायला हवं. संबंध दिसला म्हणजे कारण सापडलं असं नव्हे. बी-बाराच्या गोळ्यांनी मधुमेह टळतो असं केईएमने सिद्ध केलेलं नाही, आणि तसं छापणाऱ्या जाहिरातींवर विश्वास ठेवू नये. संस्थेने योग्य तेच केलं, प्रयोग मांडला. सहा गावांतली तीच मुलं वयात आली तेव्हा, २०१२ मध्ये, त्यांना रोज २ मायक्रोग्रॅम बी-बारा देण्याचा ‘प्रिया’ नावाचा अभ्यास सुरू झाला. हेतू असा की या मुलींची लग्नं होतील, त्यांना मुलं होतील, तेव्हा तिसरी पिढी तपासता येईल. लेकी सासरी जातात आणि पाठपुराव्याचं काम करणाऱ्यांची झोप उडते. पहिलं बाळंतपण माहेरी करण्याची आपली पद्धत अशा वेळी कामाला येते. ज्या आयांना आधीपासून बी-बारा मिळालं त्यांच्या मुलांची दोन वर्षांच्या वयातली आकलन आणि भाषेची चाचणी सरस निघाली. साखरेचा निकाल लागायला ती मुलं मोठी व्हावी लागतील. थांबणं हाच या कामाचा मुख्य खर्च आहे.

मूळ मुलं सहाव्या, बाराव्या आणि अठराव्या वर्षी तपासली गेली. आदल्या संध्याकाळी गावाहून पुण्याला यायचं, ठरलेलं जेवण जेवायचं, रात्रभर उपाशी राहायचं. सकाळी उपाशीपोटी रक्त, मग ग्लुकोजचं पाणी, मग अर्ध्या तासाने आणि दोन तासांनी पुन्हा रक्त. अठराव्या वर्षी ६१९ जणांची अशी तपासणी झाली. त्यांच्यातल्या ३७ टक्के मुलांची आणि १८ टक्के मुलींची साखर हाताबाहेर जायला लागली होती. यातली बहुतेक पूर्वमधुमेहाची अवस्था. आणि याच गटातले ४८ टक्के कमी वजनाचे होते, बीएमआय १८.५ च्या खाली. वय अठरा, घर शेतकऱ्याचं, अंगावर मांस नाही, आणि साखर वाढलेली. ज्यांची अठराव्या वर्षी साखर जास्त, त्यांची सहाव्या वर्षीही जराशी जास्तच होती, हे जुन्या पानांमुळे कळलं. एका दिवसाच्या शिबिरात हे कधीच दिसलं नसतं.

मोठ्या पाहण्या देशात झाल्याच आहेत. आयसीएमआरच्या ‘इंडियाब’ पाहणीत २००८ ते २०२० या काळात १,१३,०४३ लोक तपासले गेले. त्यात मधुमेह ११.४ टक्के, पूर्वमधुमेह १५.३ टक्के, उच्च रक्तदाब ३५.५ टक्के असं चित्र २०२३ मध्ये समोर आलं. ही पाहणी हवीच होती. पण ती प्रत्येकाला एकदाच भेटते. दारोदार जाण्याचं मोल शेजारीच दिसतं. गडचिरोलीत, म्हणजे आमच्या राज्याच्या सीमेला लागून, ‘सर्च’ या संस्थेने ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं दारोदार जाऊन शोधली, तेव्हा सर्वांत मोठं कारण पक्षाघात निघालं, १४.३ टक्के. ताप-हगवणीचा मुलूख म्हणून ज्याची ओळख, तिथे रक्तवाहिन्यांचा आजार पहिल्या नंबरवर.

आता छत्तीसगढकडे. इथे सुरुवात शून्यातून करावी लागणार नाही. गावातल्या आरोग्यसेविकांचा मितानिन कार्यक्रम २००२ मध्ये इथेच सुरू झाला, देशात ‘आशा’ कार्यकर्त्या येण्याच्या तीन वर्षं आधी. पाड्यापाड्यात घराघराला ओळखणारी बाई आमच्याकडे आहे. केईएमच्या कार्यकर्तीने सहा गावांत जी ओळख मिळवली ती मितानिनला आधीच मिळालेली आहे. बिलासपूरजवळच्या गनियारीत ‘जन स्वास्थ्य सहयोग’ १९९६ मध्ये स्थापन झालं. दिल्लीच्या एम्समधून शिकून आलेल्या डॉक्टरांचं हे काम. मधुमेह, रक्तदाब, सिकलसेल, अपस्मार अशा सोबत राहणाऱ्या आजारांच्या रुग्णांचे गट त्यांनी बांधले. सडपातळ मधुमेही ही गोष्ट त्या ओपीडीतल्या डॉक्टरांना नवी नाही. एप्रिल २०२५ मध्ये बँकॉकच्या परिषदेत आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने कुपोषणाशी जोडलेल्या मधुमेहाला ‘टाइप ५’ असं वेगळं नाव दिलं. या मान्यतेमागे वेल्लोरच्या सीएमसीचं मोठं काम आहे. धानाच्या मुलुखातल्या आपल्यासारख्यांना हे नाव लवकरच ओळखीचं होईल.

पुण्याचे मापदंड इथे जसेच्या तसे चालणार नाहीत, आणि नेमकं इथेच रायपूरच्या वैद्यकीय संस्थांचं काम सुरू होतं. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीएवनसी तपासणी घ्या. छत्तीसगढ सिकलसेलच्या पट्ट्यात येतं. त्या आजारात लाल पेशी लवकर मरतात आणि आकडा खोटाच कमी येतो. नुसता सिकलसेलचा गुण अंगात असला तरी काही यंत्रं गडबडतात. उलट लोहाची कमतरता असली तर आकडा फुगतो. एकाच गावात दोन्ही प्रकारची माणसं असतात. तिथे ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्त घेणं हीच भरवशाची वाट, कितीही वेळखाऊ असली तरी.

मूत्रपिंडाचंही तसंच. मूत्रपिंडातल्या गाळण्यांची संख्या जन्माच्या सुमारास ठरून जाते, सुमारे ३६व्या आठवड्यानंतर नवी गाळणी तयार होत नाही. कमी वजनाचं बाळ कमी गाळण्या घेऊन येतं आणि आयुष्यभर तेवढ्यावर भागवतं. वर साखर आणि रक्तदाब आले की आधीच थोड्या असलेल्या गाळण्यांवर ताण पडतो. हृदय, मूत्रपिंड आणि चयापचय यांना एकाच आजाराची तीन तोंडं मानायला अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२३ मध्ये सुरुवात केली. आपण मात्र ‘क्रिएटिनिन नॉर्मल आहे’ एवढ्यावर समाधान मानतो. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. ४० किलोच्या बाईच्या अंगात स्नायूच कमी, त्यामुळे मूत्रपिंड बरंच खराब होईपर्यंत तिचा आकडा चांगलाच दिसत राहतो. लघवीतलं अल्ब्युमिन तपासणं स्वस्त आहे आणि ते लवकर बोलतं. ते आपल्या शिबिरांत क्वचितच असतं, हे मला अक्षम्य वाटतं.

गरियाबंद जिल्ह्यातलं सुपेबेडा हे देवभोग भागातलं गाव तर वर्षानुवर्षं मूत्रपिंडाच्या आजाराने माणसं गमावतं आहे. पाणी तपासलं, माती तपासली, मंत्री आले, राज्यपाल आले. जड धातूंवर बोट ठेवलं गेलं, फ्लोराइडवर ठेवलं गेलं. पाण्याची व्यवस्था झालीच पाहिजे, त्यात वादच नाही. पण कारणाचा छडा लागायचा तर निरोगी दिसणाऱ्या माणसांपासून सुरुवात करून, तीच माणसं वर्षानुवर्षं तपासावी लागतात. कोणाचं मूत्रपिंड आधी ढासळलं, त्याच्या विहिरीत काय होतं, त्याचं जन्मवजन किती होतं, उन्हात तो किती राबत होता, हे नंतर आठवून सांगता येत नाही. आजारी पडल्यावर रायपूरच्या एम्समध्ये आलेला माणूस डॉक्टरला शेवटचं पान दाखवतो, मागची पानं कोणी लिहिलेलीच नसतात.

केईएमच्या कामातही उणिवा आहेत. सहा गावं म्हणजे महाराष्ट्र नव्हे, बस्तर तर नव्हेच. हे सगळं अनुदानावर चालतं आणि अनुदान काही वर्षांपुरतंच असतं, माणसं मात्र साठ-सत्तर वर्षं जगतात. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावातली हृदयाची नोंद १९४८ पासून चालू आहे ती सरकारी पैशाचा आधार मिळाला म्हणून. छत्तीसगढ सरकारने मोठी घोषणा करण्यापेक्षा रायपूर, गरियाबंद आणि बस्तरमधली मोजकी गावं निवडून पंचवीस वर्षांचा पैसा बाजूला काढावा. मितानिनच्या मानधनात या कामाचा वेगळा हिस्सा धरावा, आणि तपासणीचा निकाल त्या माणसाला त्याच्या भाषेत, त्याच्या घरी सांगावा. रक्त कुठे नेता, हा गावातला पहिला प्रश्न असतो, आणि त्याचं उत्तर मिळालं नाही तर पुढच्या वर्षी दार उघडत नाही.

वाचकांनाही एक विनंती. रायपूर, बिलासपूर, भिलाई कुठेही असा, घरातल्या प्रत्येकासाठी एक फाइल करा. मुलांचं जन्मवजन त्यात पहिल्या पानावर लिहा, डिस्चार्ज कार्डावर ते असतंच. चाळिशीनंतर वर्षातून एकदा कमरेचा घेर, रक्तदाब, उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर, क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन, एवढं एकाच प्रयोगशाळेत करून घ्या. जुने रिपोर्ट रद्दीत देऊ नका. आणि पाहणीसाठी वही घेऊन कोणी दारात आलं, तर संमतीचा कागद नीट वाचा, प्रश्न विचारा, आणि पटलं तर पुढच्या वर्षीही भेटू असं सांगून त्यांना आपला बदललेला पत्ता कळवत राहा.